निकेलच्या गावातून, चिल्लरीबद्दल

सोलापूरच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात भांडण पेटलं. मंगळवार बाजारात एकाचं दहा रुपयांचं नाणं भाजीवालीनं परत केलं, "हे चालत नाही काका" म्हणून. त्यानं नाण्याचा फोटो टाकला. लगेच एक जण म्हणाला, "काय बे, पत्रा आहे पत्रा, कोण घेईल?" दुसऱ्यानं आजोबांच्या चांदीच्या रुपयाचा फोटो टाकला. तिसऱ्यानं निकालच देऊन टाकला : सरकारनं नाण्यातला धातू खाल्ला.

हे सगळं मी वाचत होतो कॅनडातल्या सडबरीत. हे निकेलच्या खाणींचं गाव. इथं नऊ मीटर उंचीचं पाच सेंटांचं नाणं उभं केलंय, १९६४ साली. मूळ नाणं १९५१ चं, निकेलच्या शोधाला २०० वर्षं झाली म्हणून काढलेलं, शुद्ध निकेलचं. पण त्याच वर्षी कोरियाच्या युद्धामुळे निकेल दुसरीकडे लागायला लागलं, आणि वर्ष संपायच्या आत पाच सेंट पोलादाचे पाडावे लागले. २००० पासूनच्या नाण्यात साडेचौऱ्याण्णव टक्के पोलाद, साडेतीन टक्के तांबं आणि मुलाम्यापुरतं दोन टक्के निकेल. पण लोकांच्या तोंडी त्या नाण्याचं नाव अजून 'निकेल'च. माझ्याबरोबर काम करणारे लोक जमिनीखालून निकेल काढतात आणि खिशात पोलाद घेऊन फिरतात. त्यांना यात कुणी फसवलं असं वाटत नाही.

आमच्या रुपयाचं वेगळं काय झालं? चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. त्यातली चांदी निम्म्यावर आली १९४० मध्ये, इंग्रजांच्याच राज्यात, महायुद्ध चालू असताना. पुढं चांदी गेली आणि निकेल आलं. १९६२ चा रुपया दहा ग्रॅमचा, १९७५ चा तांबं-निकेलचा आठ ग्रॅमचा, १९८३ चा सहा. १९९२ ला स्टेनलेस स्टीलचा आला तो ४.८५ ग्रॅमचा, आणि २०११ पासूनचा ३.७९. या स्टीलमध्ये लोखंड आणि क्रोमियम, निकेल नाहीच. माझी आजी चांदीचा रुपया पायरीवर वाजवून बघायची. आताचा वाजवला तर चमचा पडल्यासारखा आवाज येतो, हे मला मान्य.

पण अ‍ॅल्युमिनियमच्या पैशांनी आमचं काय बिघडवलं होतं? चौकोनी एक पैसा ताटलीतल्या पाण्यावर अलगद ठेवला तर तरंगायचा. कडेला नक्षीसारखी वळणं असलेले दहा पैसे हातात घेतलेत हे कळायचंसुद्धा नाही. तरी शेजारच्या काकू विड्या वळून आणलेल्या पैशातून तेच मोजून द्यायच्या आणि वाणी मोजून घ्यायचा. वजन कुणी विचारलं नाही. उलट पंढरपूरला चंद्रभागेत पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात ती स्टीलच्या कृपेनं. अ‍ॅल्युमिनियमचं नाणं नदीतच राहिलं असतं.

धातू बदलतो त्याचं कारण साधं आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नाण्यातलं तांबं नाण्याच्या किमतीपेक्षा महाग झालं की ते नाणं बाजारात राहत नाही, भट्टीत जातं. म्हणून तर आपल्याकडे १९७१ मध्ये छोटी नाणी वितळवण्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि २०११ च्या कायद्यात त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. हलकं नाणं ही लूट नव्हे. नाणं नाणं म्हणून टिकावं म्हणून केलेली ती सोय आहे.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. कॅनडानं एक सेंट पाडणं २०१२ मध्ये थांबवलं, कारण तो पाडायला १.६ सेंट लागत होते. फेब्रुवारी २०१३ पासून त्याचं वाटप बंद. पण त्याबरोबर नियम सांगितला : रोखीत देताना बिलाचा आकडा जवळच्या पाच सेंटांवर न्यायचा. एक-दोन सेंट वर असतील तर ते गिऱ्हाइकाला सुटतात, तीन-चार असतील तर गिऱ्हाईक देतो. कार्डावर तंतोतंत. पहिल्या महिन्यात मी पावत्या तपासत होतो, सोलापूरचा स्वभाव. हिशेब चुकला नाही.

आपण ३० जून २०११ ला चार आणे आणि त्याखालचं सगळं बंद केलं. आठ आणे कायद्यानं आजही चालू आहेत. सोलापुरात नव्या पेठेतल्या दुकानात देऊन बघा. कायद्यात जिवंत, गल्ल्यात मेलेलं. आणि सुट्ट्या पैशांचा प्रश्न आला की वरचे पैसे नेहमी गिऱ्हाइकाचेच जातात. बदल्यात एक चॉकलेट. ते चॉकलेट पुढच्या खरेदीला परत दिलं तर दुकानदार घेत नाही, हे मी करून पाहिलंय. (भाऊ लाजेनं दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.)

दहाच्या नाण्याचं तर याहून वाईट. जुन्यावर ₹ चिन्ह नाही, म्हणून खोटं, ही अफवा. चिन्हच २०१० मध्ये आलं, तर त्याआधीच्या नाण्यावर ते कुठून असणार? रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की चौदाही नमुने चालतात. भाजीवालीला दोष देत नाही मी. संध्याकाळी तिचा अडत्या ती नाणी घेत नसेल तर तिनं का घ्यावीत? पण बँकेत चिल्लर घेऊन जा, खिडकीवरचा माणूस कसा बघतो ते पाहा. नाणं तिथून मागं ढकललं जातं आणि ढकलत ढकलत तिच्या पाटीपर्यंत येतं.

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं. उत्तर आलं, "तू तिथं बसून सांगू नकोस, आम्ही क्यूआरवर देतो." बरोबर आहे. मग चांदीच्या रुपयासाठी गळा कशाला काढायचा?

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला येतोय. भावाला सांगितलंय, घरातली दहाची सगळी नाणी काढून ठेव, मी खर्च करून दाखवतो. तो म्हणाला, "आधी कोथिंबिरीची एक जुडी घेऊन दाखव."