दोन सामने हरलो आणि कुणाला वाईट वाटलं नाही

परवाच्या रविवारी अमेरिकेतला आमचा बेसबॉलचा संघ एका दिवसात दोनदा हरला. शनिवारचा सामना पावसाने धुऊन नेला होता, म्हणून रविवारी लागोपाठ दोन खेळवले. याला इथे डबलहेडर म्हणतात. एरवी बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो. मायनर लीगमधल्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्तरांवरच्या, डबलहेडरला प्रत्येकी सातच. मी आणि माझी अकरा वर्षांची लेक दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत तिथे होतो. दोन दिवस झाले तरी माझा राग उतरलेला नाही, आणि तो राग नुसत्या हरण्याचा नाही. रणजी संघ आयपीएलच्या फ्रँचायझींना जोडून द्या म्हणणाऱ्या माझ्या मित्राला तो सांगायचा आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या शहरात मी बारा वर्षं राहतो. इथला संघ डबल-ए दर्जाचा, ईस्टर्न लीगमध्ये खेळणारा. म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली. हंगामाचे दोन टप्पे असतात आणि पहिल्या टप्प्यात गटात जो पहिला येतो त्याला प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, जागा नक्की मिळते. आम्ही एका सामन्याने मागे होतो, आणि पाहुणा संघ होता तोच, पहिल्या क्रमांकाचा. दोन्ही जिंकलो असतो तर आम्ही पुढे गेलो असतो. दोन्ही हरलो, आता तीन सामन्यांनी मागे, आणि या टप्प्यातले सामने उरलेत सहा.

पहिल्या सामन्यात आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. पाच इनिंग, फक्त दोन हिट दिले, सात स्ट्राइकआउट (बॅटरला चकवून बाद), एकही रन नाही. एकसष्ट चेंडू टाकले होते. लेक स्कोअरबुक घेऊन बसते, पेन्सिलने चौकोन भरते. पाचव्या इनिंगचे तिन्ही चौकोन तिने इतके दाबून लिहिले होते की पुढच्या पानावर वळ उठले. आम्ही २-० पुढे. सहाव्या इनिंगला पाहतो तर माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, दुसराच पिचर. पहिल्या पोराला दुखापत नव्हती. तो डगआउटच्या कठड्याला टेकून, हातातला ग्लव्ह काढून पुन्हा घालत, मैदानाकडे बघत उभा होता.

"बाबा, त्याला का काढलं?" लेकीने विचारलं.

त्याच्या चेंडूंचा कोटा संपला होता. कोटा ठरवणारी माणसं आमच्या गावात राहत नाहीत. नव्या पिचरने पहिल्या दोघांना वॉक दिला, म्हणजे चुकीचे चेंडू टाकून पहिला बेस फुकट दिला, मग एक वाइल्ड पिच (कॅचरला न आवरलेला चेंडू), एक डबल (दोन बेसचा फटका), एक सिंगल, आणि आम्ही २-३ मागे. शेवटच्या इनिंगला आमचा धावपटू तिसऱ्या बेसवर, आउट एकच. साधा उंच चेंडू आउटफिल्डमध्ये मारला असता तरी तो धावत घरी आला असता. आमच्या बॅटरने तिन्ही वेळा होमरनसाठी आडवा हात घातला आणि तिन्ही वेळा चुकला. पुढचा झेल देऊन गेला.

दुसऱ्या सामन्याआधी आमचा सगळ्यात चांगला हिटर बॅग खांद्यावर टाकून सोबत्यांना मिठ्या मारताना दिसला. त्याला ट्रिपल-एला, म्हणजे एक पायरी वर, बढती मिळाली होती. ऐन दोन सामन्यांच्या मध्ये! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण पोरगा गुणी आहे आणि त्याचं भलं व्हावं. पण त्याच्या जागी कुणीच तयार नव्हतं. दुसरा सामना आम्ही १-८ असा हरलो.

मला खुपलं ते पुढेच. शेवटचा आउट झाला, तेव्हाही स्टँड निम्मे भरलेले होते, लाउडस्पीकरवर गाणं सुरू झालं, मुलं बेस पळायला मैदानात उतरली, लोक हसत पार्किंगकडे निघाले. माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा वीस वर्षांहून जास्त काळ सीझन तिकीट घेतात. ते म्हणाले, "हे सामने जिंकण्यासाठी नसतात, मुलं घडवण्यासाठी असतात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

व्यवस्थाच तशी आहे. मैदान, तिकिटं, खाणंपिणं, जाहिराती हे स्थानिक मालकाचं. खेळाडू, प्रशिक्षक आणि मॅनेजर हे मेजर लीगच्या मूळ क्लबचे नोकर, पगारही तोच देतो. कोण खेळेल, किती चेंडू टाकेल, कधी वर जाईल हे तिकडून ठरतं. २०२१ साली मेजर लीगने ही सगळी रचना थेट आपल्या ताब्यात घेतली आणि संलग्न संघ १६०वरून १२० केले. न्यू जर्सीच्या राजधानीत, ट्रेंटनमध्ये, यांकीज या न्यूयॉर्कच्या मेजर लीग क्लबचा डबल-ए संघ होता. यांकीजने तो दर्जा ब्रिजवॉटरच्या संघाला दिला आणि ट्रेंटनला ड्राफ्ट लीगवर, म्हणजे क्लबांनी निवडावं म्हणून खेळणाऱ्या पोरांच्या लीगवर, समाधान मानावं लागलं. तिथल्या प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही.

हे सगळं आत्ता लिहितोय कारण आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात एकच वाद पेटतो: रणजी करंडकाचं काय करायचं? जानेवारी २०२५मध्ये बोर्डाने मोठ्या खेळाडूंना देशांतर्गत क्रिकेट खेळायला लावलं, कोहलीसाठी दिल्लीच्या कोटलावर रांगा लागल्या, तेव्हापासून तर जास्तच. आमचा एक मित्र, पुण्यात उद्योजक, हुशार माणूस, ठामपणे म्हणतो की रणजी संघ आयपीएलच्या फ्रँचायझींना जोडून द्या. "तुमच्या अमेरिकेसारखं. पैसा येईल, गर्दी येईल, पोरं वर येतील." आणि मला साक्षीला बोलावतो.

तर ही माझी साक्ष. नको रे बाबा.

आम्ही महाराष्ट्राच्या संघाचे लोक. हरणं आम्हाला कुणी शिकवायला नको. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असं लागोपाठ दोनदा जिंकलो, त्यानंतर करंडक घरी आलेला नाही. १९७०-७१च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून ४८ धावांनी गेलो. १९९२-९३ला पंजाबकडून. २०१३-१४ला केदार जाधवने हंगामात बाराशेच्या वर धावा केल्या आणि तरी कर्नाटकाने अंतिम सामना नेला. ती प्रत्येक हार लागली, कारण मैदानावरचे अकराजण जिंकायलाच उतरले होते. चांगला टाकणाऱ्या गोलंदाजाला कुणा दुसऱ्याच्या वेळापत्रकासाठी कुणी बसवलं नव्हतं.

२०२५च्या त्याच जानेवारीत जम्मू-काश्मीरने मुंबईला बीकेसीच्या मैदानावर पाच गडी राखून हरवलं. समोर रोहित, यशस्वी, रहाणे, श्रेयस, शार्दूल. तो सामना मुलं घडवण्याचा वर्ग असता तर त्या विजयाला काय किंमत राहिली असती? आणि मुंबईचा फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर! प्रथम श्रेणीत ५८९ बळी, भारताकडून एकही कसोटी नाही. इथल्या मायनर लीगच्या हिशेबात असा माणूस म्हणजे वर न चढलेला खेळाडू, केव्हाच घरी पाठवला असता. मुंबईच्या हिशेबात त्याने सामने जिंकून दिले होते, म्हणून २०२५मध्ये तो गेला तेव्हा मुंबई हळहळली.

इथून घेण्यासारखं आहे, ते मी ग्रुपवर कधीच लपवलं नाही. स्वच्छ संडास. पिण्याचं पाणी. सावलीतली खुर्ची. गर्भार बाई आणि ऐंशीचे आजोबा दोघंही बिनधास्त येऊ शकतात असं मैदान. खेळाडूंची संघटनाही घेण्यासारखी: २०२२मध्ये मायनर लीगची पोरं संघटित झाली आणि पुढच्याच वर्षी डबल-एचा किमान वार्षिक पगार १३,८०० डॉलरवरून ३०,२५० वर गेला. यातलं काहीही करायला राज्याचा संघ कुणाच्या दावणीला बांधावा लागत नाही. पुण्यात बसायला नीट जागा आणि प्यायला पाणी द्यायला फ्रँचायझी कशाला हवी?

मित्र म्हणेल, स्टँड तर भरतात ना तुमच्याकडे. भरतात. परवाही शेवटपर्यंत निम्मे भरलेले होते. पण माझ्या आसपासच्या दहा जणांना परत जाताना स्कोअर विचारला असता तर किती जणांनी सांगितला असता याची मला शंका आहे. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर दीडशे माणसं बसलेली असतात, त्यातल्या प्रत्येकाला पहिल्या डावाच्या आघाडीला किती धावा हव्यात हे तोंडपाठ असतं. मला ती दीडशे माणसं मोलाची वाटतात. त्यांची पंधराशे व्हावीत असं वाटतं, पण तीच माणसं, आकडा तोंडपाठ असलेली.

आज मंगळवारी नवा पाहुणा संघ येतोय. रविवारी आम्ही जाणार आहोत, कारण तो पोरगा त्या दिवशी पुन्हा पिचिंगला उभा राहील आणि मला त्याचा चेंडू बघायचा आहे. जानेवारीत भाचीच्या लग्नाला पुण्यात आहे. गहुंजेला किंवा नाशिकला महाराष्ट्राचा सामना असला तर चारही दिवस जाऊन बसणार. लेकीने स्कोअरबुकची मागची पानं क्रिकेटसाठी कोरी ठेवली आहेत. षटकाचे सहा चौकोन कसे आखायचे ते काल रात्री तिला आखून दिलं.