सासूबाई चालत नाहीत

"सर, सासूबाई चालत नाहीत," सीएच्या ऑफिसातली मुलगी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली.

"गुडघे का?" शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी विचारलं.

गुडघे ठणठणीत आहेत. अडलंय ते प्राप्तिकराच्या ८०डी कलमात. माझे वडील बँकेतून निवृत्त, पेन्शन घसघशीत, फ्लॅट स्वतःचा. त्यांचा मेडिक्लेमचा हप्ता मी भरला की जुन्या करपद्धतीत मला ५० हजारांपर्यंत वजावट. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असोत वा नसोत, असं कायदाच म्हणतो. सासूबाई आमच्याच घरात राहतात, मिळकत शून्य, हप्ता ४३ हजार, भरतो मी. वजावट? शून्य. बायकोने भरला तर तिला मिळेल म्हणे. पण तिचा पगार १२ लाखांच्या आत, नव्या पद्धतीत तिला करच नाही. वजावटीचं काय लोणचं घालायचं?

काकांनी साडीच्या दुकानाची पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि माझं वकीलपत्र घेतलं.

"जेवतात कुठे त्या?"

"आमच्याकडेच."

"औषधं कोण आणतं?"

"मीच."

"रेशनकार्डावर नाव?"

"आहे."

"झालं तर! सरकार त्यांना तुमच्या नावावर तांदूळ देतं, मग वजावट द्यायला काय धाड भरते?"

मुलगी म्हणाली, "काका, रेशनचं खातं वेगळं. इथे कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, सगळं भरावं लागतं."

"मग नुसतं आई लिहा. कोण बघायला येतंय?"

"नोटीस येते."

नोटीस म्हटल्यावर काकांनी तत्त्व सोडलं आणि स्वतःच्या चिरंजीवांकडे वळले. वय बत्तीस, एमपीएससीचा अभ्यास चालू. "हा धरता येतो का बघ. याच्याइतकं अवलंबून महाराष्ट्रात कोणी नसेल." मुलगी म्हणाली, अवलंबून मुलगा असेल तर धरता येतो, वयाची अट नाही. काकांचा चेहरा उजळला. "पॉलिसी आहे ना त्याची?" चेहरा पडला. फॅमिली पॉलिसीतून कंपनीने त्याला पंचविशीतच बाहेर काढलं होतं. कंपनीला जमलं, यांना जमलं नाही.

बरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला. पेपरात केवढ्या मोठ्या बातम्या! सासूबाईंचा हप्ता त्याआधीच, ऑगस्टमध्ये भरलेला. म्हणजे १८ टक्के कर भरून घेतलेल्या पॉलिसीची वजावट नाही, आणि त्या कराचीही नाही. पासष्टीनंतर हप्ता वाढत जातो तो वेगळाच. माणूस म्हातारं झालं की कंपनीला बरोबर कळतं, फक्त ते कोणाच्या घरात म्हातारं होतंय हे प्राप्तिकरवाल्यांना कळत नाही. सीएची फी दिली. तीवरही १८ टक्के.

घरी येऊन सासूबाईंना हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्या अजिबात बधल्या नाहीत.

"जावयाच्या पैशावर राहू नये, हे सरकारलासुद्धा कळतं," म्हणाल्या, आणि बीपीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी माझ्या हातात दिली.