गाडी शेकण्याचे दिवस

आमच्या सोसायटीतल्या बोक्याने माझी इलेक्ट्रिक गाडी पहिल्याच आठवड्यात नापास केली. जुनी पेट्रोलची गाडी होती तोवर थंडीत तिच्या बॉनेटवर त्याची वतनदारी होती. मी रात्री नऊला आलो की हा सव्वानऊला बॉनेटवर हजर. नवी गाडी आली तेव्हाही ऐटीत वर चढला, चार पावलं टाकली, बूड टेकवलं आणि चटका बसावा तसा उठला. हल्ली तो तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या डिझेल गाडीवर झोपतो आणि मी दिसलो की तोंड फिरवतो.

बोक्याला चार पावलांत कळलं ते मला कळायला डिसेंबर उजाडला. पेट्रोलच्या इंजिनात जळतं त्यातलं निम्म्याहून जास्त उष्णता होऊन वायाच जातं. हीटर लावायचा म्हणजे त्यातलीच थोडी ऊब आत वळवायची. फुकटचा माल. इलेक्ट्रिक मोटर मात्र इतकी काटकसरी, की तिच्याकडे वाया घालवायला फारसं काही नसतंच. मग आतली हवा तापवायला निराळी शेगडी, आणि तीही त्याच बॅटरीवर. माझ्या गाडीतली ही शेगडी सुरुवातीला तीनेक किलोवॉट ओढते. म्हणजे गिझर चालू ठेवून बायकोला शाळेत सोडायला जायचं.

यावर उपाय असा, की गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच निघायच्या आधी ऊब करून घ्यायची. वीज भिंतीतून येते, बॅटरी भरलेली राहते. शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "सर, अंथरुणातूनच करा, मोबाईलवरून." या एका वाक्यावर मी गाडी घेतली म्हटलं तरी चालेल.

बायकोची शाळा सकाळची, नाशिकच्या सिडकोत. आम्ही गंगापूर रोडला. सव्वासहाला निघावंच लागतं. जानेवारीत निफाडचा पारा पाचाच्या आसपास गेल्याची बातमी पेपरात येते, तेव्हा आमच्याकडे दोनचार अंश जास्त असतात एवढंच. स्टिअरिंगला हात लावला की बोटं आपली नाहीत असं वाटतं.

पहिल्या दिवशी पावणेसहाला दुलईतून फक्त एक हात बाहेर काढला आणि बटण दाबलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग मोबाईल म्हणाला, गाडीशी संपर्क होत नाही. होणार कसा? गाडी बेसमेंटमध्ये, तिथे माणसालाही रेंज येत नाही. मग रॅम्पजवळच्या जागेसाठी शेजाऱ्यांशी अदलाबदल झाली (बदल्यात त्यांच्या मुलीला दहावीचं गणित शिकवायचं ठरलं, तो वेगळा लेख होईल), नवी वायर ओढली, सबमीटर बसवला, १५ अँपिअरचा सॉकेट लागला. त्यातूनही जेमतेम तीन किलोवॉट येतात, म्हणजे भिंतीतलं सगळं शेगडीच खाते. खाऊ दे! बॅटरीतलं तर जात नाही ना.

पुढचे वीस दिवस मी राजा होतो. बटण दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं, म्हणून मी ते दोनदा दाबायचो. काचेवर वाफ नाही, सीट कोमट, बायको म्हणायची, "आज कशी छान ऊब आहे." फक्त अण्णांना हे पटत नव्हतं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर निफाड तालुक्यात द्राक्षबाग केली. थंडी वाढली की मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे तीनला बागेत शेकोट्या पेटवायच्या, ओला पाला टाकून धूर करायचा, मोटर लावून झाडांना पाणी द्यायचं. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं.

"आम्ही बाग शेकायचो, माल एक्सपोर्टला जायचा म्हणून," अण्णा म्हणाले. "तू गाडी शेकून काय पाठवणार आहेस युरोपला?"

एकविसाव्या दिवशी सहज लक्ष गेलं. रात्री झोपताना १०० टक्के, सकाळी निघताना ९७. तीन टक्के म्हणजे काही जमीन गेली नाही, पण भिंतीतून वीज घेतोय ना आपण? मग हे तीन कोण खातंय? मी सबमीटरचे आकडे वहीत लिहायला लागलो. वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडून फुंकर मारली आणि दोनशे रुपये घेतले.

चौथ्या दिवशी साडेपाचलाच खाली जाऊन खांबामागे उभा राहिलो. वॉचमनकाका आले, बोर्डापाशी गेले, पाण्याच्या टाकीची मोटर चालू केली आणि त्याच हाताने शेजारचं माझ्या सॉकेटचं बटण बंद केलं.

"काका, हे रोज करता?"

"रोज करतो की साहेब! हिरवा दिवा लागला म्हणजे गाडी भरली. मग कशाला उगाच लाईट जाळायची? तुमचंच बिल वाचतं."

म्हणजे वीस दिवस मी दुलईत पडून भरलेली बॅटरी स्वतःच्या हाताने रिकामी करत होतो. आणि रागावणार कोणावर? ज्याने माझं बिल वाचवलं त्याच्यावर? काका "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटण बंद. बारा वर्षांची सवय आहे त्यांच्या हाताला, बोर्डावर एकदा गेला की काहीतरी बंद करूनच परत येतो.

तेव्हा हल्ली मी पावणेसहाला स्वतः खाली जातो. माकडटोपी, वर बायकोची शाल, पायांत अण्णांचे लोकरी मोजे. बटण चालू करतो. वीस मिनिटांसाठी पुन्हा चौथ्या मजल्यावर कशाला चढा, म्हणून गेटपाशी काकांच्या शेकोटीजवळ बसतो. काका खोक्याचे पुठ्ठे आणि नारळाच्या करवंट्या टाकतात, थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला देतात. डिझेल गाडी एव्हाना थंड झालेली असते, त्यामुळे बोकाही तिथेच असतो.

काल बायको स्वेटर, मफलर, हातमोजे घालून खाली आली. गाडीत बसली, दार लावलं. आम्ही रॅम्प चढून रस्त्याला लागलो.

"काच खाली कर जरा," ती म्हणाली. "केवढं उकडतंय. आणि तुला कसला धुराचा वास येतोय?"