कलिंगडाला फेटा

निवृत्तीनंतर पुरुषाने स्वयंपाकघरात किती शिरावे, याविषयी पेन्शनच्या कागदपत्रांत एक ओळही नसते. माझी बँकेतली ३६ वर्षे इतरांच्या सह्या पडताळण्यात गेली आणि त्या काळात ओट्याशी माझा संबंध चहाचा रिकामा कप ठेवण्यापुरता राहिला. त्यामुळे गेल्या मे महिन्यात, पुण्यातला पारा चाळिशीला टेकलेला असताना, “गुरुवारी पाहुण्यांसाठी मी करतो काहीतरी, तू गॅससमोर उभी राहू नकोस,” असे मी जाहीर केले, तेव्हा सौभाग्यवतींनी आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

या धाडसाचे मूळ मोबाइलवरच्या एका चित्रफितीत होते. तीत फक्त दोन हात दिसतात. त्या हातांच्या मागे माणूस आहे की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्या हातांनी कलिंगडाचे एकसारखे चौकोनी तुकडे पसरट ताटात मांडले, त्यांवर फेटा नावाचे पांढरे चीज कुस्करले, पुदिन्याची पाने टाकली, लिंबू पिळले, ऑलिव्ह तेलाची बारीक धार धरली आणि चाळिसाव्या सेकंदाला काम संपवले. खाली लिहिले होते : वेळ दहा मिनिटे, गॅसची गरज नाही. गॅस नाही म्हणजे करपणे नाही, उतू जाणे नाही, कच्चे राहणे नाही, अर्थात चुकायला जागाच नाही, असा हिशेब मी मांडला. रोज कोशिंबीर करणाऱ्या कोणत्याही बाईने तो जागच्या जागी खोडून दिला असता. पण मी कोणाला विचारले नाही.

विचारण्याऐवजी मी, जुन्या सवयीने, आधी कागदपत्रे तपासली. ग्रीस, सायप्रस, तुर्कस्तान आणि इजिप्त या देशांत उन्हाळ्यात कलिंगडाबरोबर खारट पांढरे चीज खातात आणि त्याला कोणी फारशी पाककृती मानत नाही. आपण कैरीला तिखटमीठ लावतो, तसलाच तो प्रकार. ग्रीक लोक कलिंगडाला ‘कारपूझी’ म्हणतात आणि तो शब्द तुर्कीच्या वाटेने फारसी ‘खरबुझा’पासून तिकडे गेला, म्हणजे तो आपल्या खरबुजाचाच भाऊबंद, हे वाचल्यावर तर हा पदार्थ माझ्या आजोळचाच आहे, असे मला वाटू लागले.

पहिली चूक नावात झाली. ऐंशी ओलांडलेली माझी आत्या त्या दिवशी मुक्कामाला येणार होती. “काय करणार आहेस?” असे तिने फोनवर विचारले आणि मी “फ्रूट सॅलड” म्हणालो. मराठी घरात या दोन शब्दांचा अर्थ केव्हाच ठरून गेलेला आहे : कस्टर्ड पावडरीने पिवळे झालेले गार दूध, त्यात केळे, चिकू, सफरचंद, डाळिंबाचे दाणे आणि शेजारी टम्म फुगलेली पुरी. आत्याचा आवाज एकदम तीस वर्षांनी तरुण झाला. “माझा गुरुवारचा उपास आहे, पण फ्रूट सॅलड चालतं. पुरी तेवढी नको,” असा निर्वाळा तिने दिला. कस्टर्ड पावडर मुख्यत्वे मक्याच्या पिठाची असते, हे तिला आजवर कोणी सांगितलेले नाही. मीही सांगितले नाही.

कलिंगड घ्यायला मी सकाळी नऊला कोपऱ्यावरच्या गाडीशी गेलो. वेलीवरून तोडल्यावर कलिंगड पुढे पिकत नाही, तेव्हा निवडतानाच ते तयार हवे. जमिनीला टेकलेला त्याचा भाग पांढरट नव्हे तर पिवळा असावा, आकाराच्या मानाने ते हाताला जड लागावे आणि टिचकी मारल्यावर पोकळ, भरदार आवाज यावा, एवढी माहिती मी बरोबर नेली होती. पिवळा भाग सगळ्याच कलिंगडांना होता. हाताला सगळीच जड लागत होती, कारण हात माझे होते. उरला आवाज. मी एकेका कलिंगडाला कान लावून टिचक्या मारू लागलो. सातव्या-आठव्या कलिंगडाला गाडीवाल्याचा धीर सुटला.

“काका, आत कोणी राहत नाही. कितीदा कडी वाजवाल?”

मग त्यानेच एक उचलले, त्यावर तळहाताने एकदाच थाप मारली आणि सुरीने तिकोनी खाप काढून माझ्या नाकासमोर धरली. ती लालभडक होती आणि तिच्यात बोटभर अंतरावर एकेक काळी बी होती. चित्रफितीतल्या कलिंगडात एकही बी नव्हती, हे मला तेव्हा प्रथम आठवले. परंतु खाप काढलेले कलिंगड परत करण्याचे धैर्य माझ्या घराण्यात कोणी दाखवलेले नाही. वजन चार किलो भरले. कलिंगडात सुमारे ९२ टक्के पाणी असते, म्हणजे पिशवीतून मी साडेतीन किलोंहून अधिक पाणीच नेत होतो. त्यातले काही त्या तिकोनी भोकातून माझ्या विजारीवर वाटेतच उतरले.

फेटा मात्र आमच्या वाण्याकडे नव्हता. “चीज क्यूब आहे, चीज स्लाइस आहे, फेटा लक्ष्मी रस्त्याला मिळेल,” असे तो गंभीरपणे म्हणाला. मी रिक्षा करून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दुकानाकडे निघालो. अर्ध्या वाटेत सौभाग्यवतींचा फोन आला. ऐकू यावे म्हणून मी स्पीकर लावला आणि “अहो, फेटा मिळाला का?” हा प्रश्न सगळ्या रिक्षाभर घुमला.

“कुणाचं लग्न, काका?” रिक्षावाल्याने आरशातून विचारले. लग्नसराई ऐन भरात होती, त्यामुळे प्रश्नात गैर काहीच नव्हते. मी उत्तर जुळवत असतानाच तो पुढे म्हणाला, “तयार फेटा घेऊ नका. टोपीसारखा दिसतो. बांधणारा माणूस बोलवा. माझा मावसभाऊ बांधतो, माणशी दीडशे. कोल्हापुरी हवा की पुणेरी?” मला ग्रीक हवा आहे, हे सांगण्याची तयारी माझ्या मनाने केली होती, जिभेने ऐन वेळी माघार घेतली. मी मावसभावाचा नंबर उतरवून घेतला. किती माणसे, या प्रश्नाला “सहा” असे उत्तरही दिले; खायला खरोखरच सहा माणसे होती.

दुकानात दोनशे ग्रॅमच्या डबीला तीनशे नव्वद रुपये पडले. शाकाहाराचा हिरवा ठिपका मी आधी शोधला, कारण मुळात हे चीज कोकरा-करडांच्या जठरातल्या द्रव्याने विरजत असत आणि आत्यासमोर तसल्या शंकेला जागा ठेवून भागणार नव्हते. ठिपका होता. त्याखाली ‘गाईचे दूध’ असेही छापलेले होते. आता युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमाप्रमाणे फेटा हे नाव फक्त ग्रीसमधल्या चीजला लावता येते, आणि तेही मेंढीच्या दुधाचे, त्यात फार तर ३० टक्के बकरीचे दूध चालते. गाईचे मुळीच नाही. डेन्मार्कसारख्या सधन देशालाही, आपल्या उत्पादकांना हे नाव लावून परदेशी माल पाठवू दिला म्हणून, २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने दोषी ठरवले. म्हणजे माझ्या हातातली डबी युरोपात नुसती दाखवली असती तरी पंचाईत झाली असती. छत्तीस वर्षे खोट्या सह्या पकडलेल्या माणसाने तीनशे नव्वद रुपये मोजून बनावट नाव घरी आणले आणि पावती जपून ठेवली.

घरी पोचलो तेव्हा बारा वाजले होते आणि वीज गेलेली होती. गुरुवार हा आमच्याकडे दुरुस्तीचा वार असतो, हे विसरून मी फ्रिजवर विसंबलो होतो. कलिंगड गार करण्यासाठी सौभाग्यवतींनी त्याला ओले फडके गुंडाळून मोरीत ठेवले. दहा मिनिटांपैकी तीन तास संपले होते.

दुपारी कापायला बसलो. विळीवर मला जमत नाही आणि सुरीवर कलिंगड जमत नाही. पहिल्याच वाराला ते पाटावरून घरंगळत शेगडीखाली गेले. अखेर सौभाग्यवतींनी विळीवर त्याचे दोन सरळ भाग करून दिले आणि त्या बाहेर जाऊन बसल्या, तरी दाराच्या फटीतून त्यांचे लक्ष होतेच. पुढचे चौकोन माझ्याकडे होते. गोल फळातून चौकोन काढणे हा मुळात भूमितीचा प्रश्न आहे : प्रत्येक तुकड्याची एक बाजू वाकडी येते, ती सरळ करावी तर शेजारची वाकडी होते आणि शेवटी हातात सुपारीएवढा निर्दोष चौकोन राहतो. त्यात बिया. काट्याच्या टोकाने मी एकेक बी उकरत होतो. बी निघे, तिच्या जागी खड्डा पडे, मग खड्ड्याची बाजू कापावी लागे. उरलेली कात्रणे टाकणे माझ्याने होईना, म्हणून ती मी खात गेलो. पाचच्या सुमारास मोठे पातेलेभर तुकडे तयार झाले, साधारण तितकेच कलिंगड माझ्या पोटात होते आणि मला दर पंधरा मिनिटांनी उठावे लागत होते.

तेवढ्यात आत्या आली आणि उपासाचे न्यायालय भरले. कलिंगड चालते, कारण ते फळ आहे. लिंबू चालते. मिठाऐवजी सैंधव घ्यावे. फेटा दुधाचा, म्हणून चालतो. पण फळ आणि दूध एकत्र करणे हा विरुद्धाहार आहे, हे तिने आयुर्वेदाच्या नावाने बजावले. “मग शिकरण?” असे मी विचारल्यावर “शिकरण वेगळं,” एवढ्यावर तो मुद्दा निकाली निघाला. ऑलिव्ह तेलाचा उल्लेख कुठेही नाही, म्हणजे ते वर्ज्य असल्याचाही नाही, तेव्हा संशयाचा फायदा त्याला मिळाला. खरी अडचण पुदिन्याची झाली. आत्याच्या सासरी उपासाला कोथिंबीर चालते, माहेरी चालत नाही. पुदिन्याविषयी दोन्हीकडे पूर्वनिर्णय नव्हता. त्याऐवजी चित्रफितीत सांगितलेली बेझिलची पाने मी दाखवली. नव्वद रुपयांची ती डबी हुंगून आत्या म्हणाली, “अरे, हा तर सब्जा!” आणि ते खरेच होते, फालुद्यात ज्याचे बी भिजवून घालतात, तेच हे झाड. शेजाऱ्यांच्या गच्चीत त्याचे दोन डबे भरून रान माजलेले होते. सब्जा थंड असतो, या मुद्द्यावर आत्याने अखेर पुदिन्यालाही परवानगी दिली. या सगळ्या कामकाजात कस्टर्डविषयी तिने एकदाही विचारले नाही. ते आत कुठेतरी गार होत असेल, असे तिने गृहीत धरले असावे.

पाहुण्यांनी सातची वेळ दिली होती. मी साडेसहालाच ताट सजवले : तुकडे, त्यांवर कुस्करलेला फेटा, बारीक चिरलेला पुदिना, लिंबू, तेल आणि भरपूर सैंधव. फेटा खारवणीत मुरवलेला असतो, म्हणून त्या ताटाला वेगळे मीठ लागतच नाही. शिवाय मीठ फळातले पाणी बाहेर ओढते, म्हणून ते वाढतानाच घालायचे असते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी लावतात, हे मी आयुष्यभर पाहत आलो होतो. पण ते कोशिंबिरीला.

पाहुणे पावणेआठला आले. तोवर ताटाचे तळे झाले होते. माझे चौकोन खांदे पाडून गुडघाभर पाण्यात उभे होते. बोथट सुरीने चिरलेला पुदिना काळा पडून चहापत्तीसारखा कडेला लागला होता, तेलाचे सोनेरी थेंब वर तरंगत होते आणि पांढरा फेटा भिजून गुलाबी झाला होता, अगदी वरातीत शोभावा असा. वीज मात्र साडेसातला आलेली असल्यामुळे हे सर्व स्वच्छ प्रकाशात दिसत होते.

सौभाग्यवती एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी ताट पातेल्यावरच्या चाळणीत उपडे केले, खालच्या पाण्यात जिरेपूड, आणखी एक लिंबू आणि शेजाऱ्यांच्या फ्रिजमधला बर्फ घातला आणि गुलाबी सरबताचे पेले भरले. वरचे तुकडे वाट्यांत गेले. पहिला घास घेऊन पाहुणे म्हणाले, “वेगळं आहे हो!” मराठी माणूस पदार्थाला ‘वेगळं आहे’ म्हणाला, की दुसरी वाटी पुढे करू नये. पाहुण्यांनी, बहुधा माझ्या चेहऱ्याकडे पाहून, मुंबईतल्या एका पारशी सहकाऱ्याची आठवण काढली. त्यांच्याकडचे टोपली पनीर, ते खारट निवळीत ठेवलेले लुसलुशीत गोळे, कलिंगडाबरोबर असेच छान लागतील, असे त्यांचे मत पडले. सूचना उत्तम होती. ती सकाळी नऊला यायला हवी होती.

सरबत मात्र कोणी सोडले नाही. आत्याने तीन पेले घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी कलिंगडाचा पांढरा गर किसून, त्यात डबीतला उरलेला फेटा आणि भाजणी कालवून थालीपिठे लावली. उपास सुटलेल्या आत्याने दोन खाल्ली, वर लोण्याचा गोळा घेतला, हात धुतले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “सरबत छान झालं होतं हो काल. पण फ्रूट सॅलड राहिलंच की रे!”