वाद्य तयार आहे, डबा नाही

एक डबा. फक्त एक धड डबा हवाय मला, आणि तो या पुण्यात मिळत नाहीये!

थेरेमिन बनवलंय. हात न लावता वाजवायचं वाद्य. अँटेनाजवळ हात नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. रशियात १९२० च्या सुमारास लेव्ह थेरेमिननं ते शोधलं. माझं सर्किट दोन रविवारांत उभं राहिलं आणि जवळजवळ पहिल्याच झटक्यात वाजलं. त्यानंतर अडीच महिने ते बुटांच्या खोक्यात पडून आहे.

आधी तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. प्लॅस्टिकचा डबा घेतला, १५० बाय ११० बाय ७० मिलिमीटर. माझा बोर्ड १०० बाय १००. बसायला काय हरकत? हरकत अशी की ते माप बाहेरचं, आणि आत चारी कोपऱ्यांत स्क्रूचे जाडजूड खांब. बोर्ड त्यांच्यावर अडून तिरका उभा! झाकणाला भोकं मी आधीच पाडून बसलो होतो, तो गाढवपणा माझा, मान्य. पण आतलं माप लिहायला काय शाई संपते का यांची?

आई म्हणाली, "मसाल्याचा स्टीलचा डबा घे की." तिला समजावलं, हाताचा खेळ सगळा काही पिकोफॅरडचा, म्हणजे विजेच्या साठवणुकीतल्या अगदी बारीक फरकाचा, अँटेनाला खेटून एवढं धातू आलं की सूर भलतीकडेच सरकतो. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मग पितळेचा घे."

मग लेझर कटिंगवाला. ॲक्रिलिकचं पॅनेल, ड्रॉइंगवर पॉटची, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या दांड्याच्या पार्टची, भोकं ७ मिलिमीटर, स्पष्ट लिहिलेली. आली ६ ची. का? तर "शाफ्ट सहाचाच आहे ना, मोजला मी." अरे बाबा, शाफ्ट सहाचाच असतो! पण पॅनेलमधून त्याच्या बुडाची आट्यांची नळी जायची असते, आणि ती सातची! ड्रॉइंग काय शोभेला दिलं होतं? घरी कानशीनं भोक मोठं करायला गेलो आणि भोकापासून कडेपर्यंत चर्रकन तडा.

थ्रीडी प्रिंटवाल्यानं सांगितलेली किंमत अख्ख्या सर्किटपेक्षा जास्त. पत्र्याच्या फॅब्रिकेशनवाल्यांना नुसतं समोरचं पॅनेल विचारलं, तर पहिला प्रश्न, "पीस किती?" एक म्हटल्यावर तो माणूस पुन्हा मोबाईलमध्ये.

शेवटी लाकूड. आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीनं १९२९ मध्ये थेरेमिन बाजारात आणलं तेही लाकडी कपाटातच, म्हणजे मार्ग शास्त्रशुद्ध. सुतारानं १२ मिलिमीटर प्लायची पेटी केली, वरून सनमायका, कोपरे काटकोनात. "उभे राहा साहेब वर, काही होणार नाही." उभा कशाला राहू? पॉटच्या आट्या सात मिलिमीटर, लाकूड बारा! नट लावायला आटी बाहेर येतच नाही! जॅकचं तेच, स्विचचं तेच.

म्हणून आता रोज रात्री पेटीच्या आतून पटाशीनं लाकूड कोरतोय, भोकाभोवती तीन मिलिमीटर उरेपर्यंत. दोन पॉट, स्विच, जॅक, पॉवरचं सॉकेट, अशी पाच ठिकाणं. काल चौथं. पटाशी आरपार गेली. सनमायकासकट.