अडला हरी आणि ‘--हेल्प’

टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, कमांडपुढे मदत मागायला ‘--हेल्प’ लिहिणारा माणूस कधीच मजेत नसतो. गाढवाचे पाय धरणारा अडला हरी म्हणतात तो हाच. गाढवाच्या तोंडी काय घालायचं, हे मात्र त्या हेल्पचा मजकूर लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हातात असतं.

आणि आम्ही काय घालतो? ‘--टाइमआउट : टाइमआउट सेट करतो.’ ‘--फोर्स : फोर्स करतो.’ हरीनं आता काय करावं?

टाइमआउटच्या ओळीला चार गोष्टी सांगाव्या लागतात: थांबायचं कशासाठी, एकक कोणतं, काहीच दिलं नाही तर किती आणि शून्य दिलं तर काय. ‘सर्व्हरच्या उत्तरासाठी किती सेकंद थांबायचं. न दिल्यास ३०. ० दिल्यास मर्यादा नाही.’ झालं. यातलं ‘सेकंद’ गाळलं, की कुणीतरी मिलिसेकंद समजून ३०००० लिहितो आणि प्रोग्रॅम आठ तास वीस मिनिटं इमानेइतबारे वाट बघत बसतो. फोर्सचंही तसंच. ‘त्या नावाची फाइल आधीच असेल, तर न विचारता तिच्यावर नवी लिहितो’ असं म्हणा. त्या ‘न विचारता’मुळे कुणाचा तरी अख्खा प्रबंध पुसला जाण्यापासून वाचतो.

माझा खास राग नकारांवर आहे. ‘--नो-कॅश : कॅश न वापरणं चालू करतो. डीफॉल्ट : बंद.’ आता कॅश, म्हणजे पुन्हा वापरायला साठवून ठेवलेला डेटा, चालू आहे की बंद, हे एका दमात सांगणाऱ्याला साष्टांग नमस्कार. ‘कॅश वापरत नाही, एरवी वापरतो’ एवढ्यात भागतं.

एका अक्षराच्या आखूड पर्यायांची तऱ्हा आणखी निराळी. ‘-एच’ म्हणजे मदत, असं समजून फाइलींनी व्यापलेली जागा सांगणाऱ्या ‘डीयू’ कमांडला तो दिला, तर तो निमूटपणे फाइलींचे आकार सुटसुटीत करून दाखवतो. फाइलींचं एक गाठोडं बांधणाऱ्या ‘टार’ला ‘-सीव्हीएफ’ (तीन आखूड पर्याय एकत्र) चालतं. पण ‘-सीएफव्ही’ लिहिलं, की ‘एफ’नंतरचा ‘व्ही’ हेच फाइलचं नाव ठरतं आणि फोल्डरमध्ये ‘व्ही’ नावाचं बाळ जन्माला येतं. म्हणून ‘एफ’च्या ओळीत ‘यानंतर लगेच फाइलचं नाव’ हे लिहायलाच हवं.

मागितलेली मदत स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रॅमच्या नेहमीच्या उत्तरांच्या वाटेनं) जावी, एक्झिट कोड (संपताना प्रोग्रॅम कळवतो तो आकडा) ०, म्हणजे सगळं ठीक. ती स्टँडर्ड एररवर (तक्रारींच्या वेगळ्या वाटेनं) पाठवली, तर पाइपनं, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून, पानापानानं दाखवणाऱ्या ‘लेस’मध्ये वाचू पाहणाऱ्याला तिथे काहीच मिळत नाही, मजकूर पाइपला वळसा घालून पडद्यावरून भुर्रकन निघून जातो. चुकीच्या पर्यायाचं उलट: तक्रार स्टँडर्ड एररवर, कोड शून्याखेरीज काहीही, आणि कृपा करून नव्वद ओळींची हेल्प ओतू नका. २४ ओळींच्या खिडकीत खरी तक्रार केव्हाच वर सरकून जाते. ‘“--आऊटपूट” असा पर्याय नाही, “--आउटपुट” म्हणायचंय का?’ एवढं पुरे. शुद्धलेखनाचा तास नंतर.

शेवटी एक नमुना द्या, आणि तो जसाच्या तसा चालेल असा द्या. कारण हरी तो कंसांसकट उचलतो. नमुन्याच्या शेवटी ‘<फाइल>’ असेल, तर शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्या टोकदार कंसांना इनपुट-आउटपुट वळवायच्या खुणा समजतं आणि सिंटॅक्स एरर तोंडावर फेकतं. मग हरी काय करतो? पुन्हा ‘--हेल्प’ लिहितो.