आठ कोंबड्यांना आठ पेट्या कशाला?

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. दर कोंबडीला अंड्यासाठी वेगळी पेटी करा, पेट्या छपराजवळ टांगा म्हणजे साप येत नाही, प्रत्येकीत बल्ब लावा आणि बारा महिने रोज अंडं घ्या, असं त्यात छातीठोकपणे सांगितलंय. आमच्या बचत गटातल्या एका वहिनींनी ते वाचून आठ कोंबड्यांसाठी सुताराकडून आठ पेट्या करून घेतल्या. अंडी विकून साठवलेले पैसे त्यात गेले. माझा जीव हळहळला, म्हणून हे लिहितेय.

चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. वहिनींकडे सकाळी गेले तर सात पेट्या मोकळ्या, आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात अंधाऱ्या पेटीत एक कोंबडी बसलेली. दुसरी तिच्या दारात कुरकुरत उभी. आतली गोल गोल फिरली, छातीने पेंढा दाबून खळगा केला, चोचीने दोन-चार काड्या पाठीवर टाकल्या आणि अर्धवट उठली. अंडं पडलं ते ओलं, चकाकतं. बघता बघता वाळलं. ती बाहेर पडून ओरडायला लागली तोवर दारातली आत शिरलीसुद्धा. जिथे आधीच अंडं दिसतं ती जागा कोंबडीला भरवशाची वाटते. म्हणून तर नव्या तलंगांना, म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर येणाऱ्या कोंबड्यांना, पेटीची सवय लावायला आत खोटं अंडं ठेवतात.

तिला हवा असतो आडोसा आणि अंधार. पेटीत बल्ब लावला की नेमकं तेच जातं. शिवाय अंडं देताना कोंबडीचा मागचा लाल भाग बाहेर दिसतो, उजेडात बाकीच्या त्यावर चोची मारतात. सुक्या पेंढ्याशेजारी तापलेला बल्ब, ही आगीची भीती वेगळीच. उजेडाने अंडी वाढतात यात तथ्य आहे, पण तो दिवसाच्या लांबीचा परिणाम. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा होतो; अंड्यांच्या फार्मवर दिवा लावून तो १४ ते १६ तासांवर नेतात. तो दिवा शेडमध्ये असतो, पेटीत नाही.

उंच टांगण्याचं तर अजिबात ऐकू नका. कोंबडी रात्री सापडेल त्या सर्वात उंच जागी झोपते. पेटी बसायच्या दांडीपेक्षा वर असली की ती पेटीतच झोपणार आणि सकाळी अंडी विष्ठेने बरबटलेली मिळणार. गिरिराजसारख्या जड कोंबड्या तर तिथून उडी मारताना पाय दुखावून घेतात. राहिला साप. धामण झाडावर चढते, तिला छपराचं काय? अर्धा इंची जाळी ठोका, अंडी दुपारी आणि संध्याकाळी उचला. पेटी जमिनीपासून दीड फूट पुरे. आतून १२ इंच लांब-रुंद, उंची १४ इंच, पुढे ४ इंचांची पट्टी म्हणजे पेंढा सांडत नाही, आणि वरचं छप्पर इतकं उतरतं की त्यावर बसता येऊ नये. तेलाचा १५ किलोचा डबा आडवा ठेवला तर लहान गावठी कोंबडीला चालतो, पण त्याची रुंदी नऊ-सव्वानऊ इंचच, आणि मे महिन्यात तो पत्रा भाजतो.

बारा महिने रोज अंडं कुठलीच पेटी देत नाही. एक अंडं तयार व्हायलाच २४ ते २६ तास लागतात, त्यामुळे मध्ये खाडा पडतोच. पिसं झडतात तेव्हा कोंबडी थांबते, खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तरी थांबते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. पेट्यांचे पैसे शिंपल्यांच्या चुऱ्यावर आणि चांगल्या खाद्यावर घातले असते तर अंड्यात दिसले असते.

वेगळी पेटी एकीलाच द्यावी, खुडूक बसलेलीला. नाहीतर बाकीच्या तिच्याखाली रोज ताजी अंडी घालत राहतात आणि २१व्या दिवशी अर्धी पिल्लं निघतात, अर्धी अंडी कच्ची राहतात. वहिनींच्या दोन पेट्या आता दांडीपेक्षा खालच्या उंचीवर आहेत आणि एक चुलीमागच्या कोपऱ्यात, खुडूक कोंबडीसाठी. उरलेल्या पाच पेट्या गटातल्या ज्या बायकांकडे एकही नव्हती, त्यांनी लाकडाच्या किमतीत नेल्या.